रांगेतला नंबर

आपल्या मंडळाच्या एका बैठकीत 'नोकरी आणि खासगीकरण' असा विषय ठेवला होता. नेहमीसारखीच बैठक: पंधरा-वीस जण, अर्धे चहासाठी आलेले. कुणीतरी बोलत असताना डोक्यावरून हवाई दलाची दोन हॉक विमानं गेली आणि बोलणाऱ्याला थांबावं लागलं. बीदरमध्ये राहणाऱ्याला हे काही नवं नाही. सूर्यकिरणचा तळच इथला. आपल्या गावात पोरं 'आई, बाबा' शिकल्यावर 'इमान' शिकतात. आवाज विरल्यावर द्वितीय वर्षातली एक मुलगी म्हणाली, "मला पायलट व्हायचंय. पण मग एवढा पगार असून एअर इंडियाच्या पायलटांनी संप का केले होते?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "तेन्ला काय कमी हाय? लाखांनी पगार घेतेत अन् वर संप! तुमी बी काय घेऊन बसलाव." सगळे हसले. मीही हसलो. चर्चा शिक्षकभरतीकडे वळली, आणि तिचा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न मी घरी घेऊन गेलो. चार दिवस वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न विमानाचा कमी आणि आपला जास्त आहे. पायलटांनी ज्या गोष्टीसाठी संप केले, ती गोष्ट बीदर-कलबुर्गीच्या माणसांच्या बाबतीत १९५६ साली घडून गेलेली आहे. फक्त आपल्याकडे तिला कुणी संपाचा विषय केलं नाही.

आधी पायलटांचंच सांगतो. २००७ साली केंद्र सरकारने आपल्या दोन विमान कंपन्या एकत्र केल्या. एअर इंडिया परदेशी उडायची, इंडियन एअरलाइन्स देशात. २७ ऑगस्ट २००७ पासून दोन्ही मिळून एक कंपनी झाली. कागदावर एक. पण दोन्हीकडच्या पायलटांच्या संघटना वेगळ्या होत्या. एअर इंडियाच्या पायलटांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. करार वेगळे, पगाराचं गणित वेगळं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्येष्ठता यादी वेगळी.

ज्येष्ठता यादी म्हणजे काय हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. विमान कंपनीत पायलटचं सगळं आयुष्य त्या यादीतल्या नंबरावर चालतं. को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, लहान विमानावरून मोठ्या विमानाचं प्रशिक्षण कुणाला आधी मिळणार, यांत त्या नंबराचा वाटा मोठा. अमेरिकेसारख्या देशात तर कोणत्या शहरात राहून काम करायचं, दिवाळी-नाताळात घरी कोण आणि आकाशात कोण, आणि मंदी आली तर आधी घरी कुणाला पाठवायचं, हेही नंबरावरच. शेवटून मोजत जातात. तिथे पायलट एक कंपनी सोडून दुसरीत गेला तर वीस वर्षांचा अनुभव असला तरी बहुधा यादीच्या तळाशी जाऊन बसतो. म्हणजे पगाराचा आकडा ही त्याच्या नोकरीची एक बाजू झाली. खरी कमाई म्हणजे तो नंबर.

आता दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्या एक कराव्या लागतात. कशा करणार?

समजा, बीदरहून कलबुर्गीला जाणारी बस हुमनाबादला बंद पडली. मागून दुसरी बस आली, तीही निम्मी भरलेली. कंडक्टर म्हणाला, "चढा सगळे, तिकीट तेच चालेल." तिकीट चाललं, हे खरंच. पण पहिल्या बसमध्ये सकाळी सहापासून खिडकीजवळ बसलेली बाई आता दांड्याला धरून उभी आहे, आणि दुसऱ्या बसमध्ये दहा मिनिटांपूर्वी चढलेला माणूस खिडकीत. तिकीट कुणाचंच रद्द झालं नाही. कलबुर्गीला सगळेच पोचणार. तरीही भांडण होतंच, आणि ते भांडण खोटं नाही.

याद्या जोडण्याच्या साधारण तीन रीती आहेत. एक, नोकरीला लागल्याच्या तारखेनुसार सगळ्यांना ओवायचं. दुसरी, दोन्हीकडच्या कॅप्टनांचं कॅप्टनांशी, को-पायलटांचं को-पायलटांशी प्रमाण काढून एकाआड एक लावायचं. आणि तिसरी, विकत घेतलेल्या कंपनीची अख्खी यादी आपल्या यादीच्या शेवटी टाचून टाकायची. तिसरीला अमेरिकेतले पायलट 'स्टेपल करणं' म्हणतात. टाचणी लावली की काम झालं.

एअर इंडियात झालं काय, की विलीनीकरण आधी झालं आणि याद्या, पगार, बढत्या यांचं 'नंतर बघू' राहिलं. ते 'नंतर' चार-पाच वर्षं आलं नाही. २०११च्या एप्रिल-मेमध्ये इंडियन एअरलाइन्सकडच्या पायलटांनी दहा दिवस संप केला. मागणी होती, एकाच कंपनीत आहोत तर पगाराची रीत एक करा. त्यानंतर न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. मे महिन्यात उलट्या बाजूने वणवा पेटला. नवी बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमानं येणार होती. ती चालवण्याचं प्रशिक्षण दोन्हीकडच्या पायलटांना द्यायचं ठरलं. एअर इंडियाकडच्या गिल्डचं म्हणणं होतं, की ही विमानं आमच्या कंपनीने मागवली, आमचे को-पायलट कॅप्टन होण्यासाठी वर्षानुवर्षं थांबलेत, आता हे बाहेरून येऊन आमच्या पुढे जाणार. पायलट एकगठ्ठा आजारी रजेवर गेले. संप अठ्ठावन्न दिवस चालला. शंभराहून जास्त पायलटांना बडतर्फ केलं गेलं, संघटनेची मान्यता काढली गेली, आणि ३ जुलै २०१२ला हातात विशेष काही न पडता संप संपला.

आखाती देशांत मजुरीला गेलेली, सुट्टीवर घरी यायला निघालेली माणसं त्या दोन महिन्यांत विमानतळांवर अडकली, हेही विसरून चालणार नाही. मागच्या बाकावरच्या मित्राचा राग अगदीच निराधार नाही. पण माझा राग पायलटांपेक्षा ज्यांनी २००७ साली कागद अर्धा लिहिला त्यांच्यावर जास्त आहे. दोन कामगार संघटना एकमेकींच्या जिवावर उठल्या त्या दुष्ट होत्या म्हणून नाही. एका खुर्चीची दोघांना आशा लावून ठेवली होती, म्हणून.

इथे मला १९५६ आठवतं. म्हणजे वाचलेलं आठवतं. माझा जन्म फार नंतरचा.

१ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य मोडलं. भाषावार प्रांतरचनेत आपला जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात; जहीराबाद, नारायणखेड आंध्रात; आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात, गुलबर्ग्याबरोबर. सीमेच्या राजकारणावर आपल्या अंकात दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच, त्यात मी जात नाही. मला बघायचं आहे ते एका कचेरीतल्या कारकुनाकडे, शाळामास्तराकडे, ओव्हरसियरकडे. काल संध्याकाळी तो हैदराबाद राज्याचा नोकर होता. कामकाज उर्दूत, बढतीचे नियम हैदराबादचे, ज्येष्ठता यादी हैदराबादची. सकाळी उठला तो म्हैसूरचा. तिथे आधीच म्हैसूर संस्थानचे लोक, मुंबई प्रांतातून आलेले धारवाड-बेळगाव-विजापूरचे, मद्रासकडून आलेले दक्षिण कॅनराचे, आणि कुर्गचे. पाच बसेसचे प्रवासी एका बसमध्ये.

संसदेला हे दिसत होतं. म्हणून राज्य पुनर्रचना कायद्यात कलम ११५ घातलं. त्यात लिहिलं, की अशा नोकराच्या सेवेच्या अटी केंद्र सरकारच्या आधीच्या मंजुरीशिवाय त्याच्या तोट्याच्या बनवता येणार नाहीत. किती सुंदर वाक्य! आजच्या कोणत्याही विलीनीकरणाच्या करारात हेच वाक्य वेगळ्या कपड्यांत सापडतं: 'आधीपेक्षा कमी फायद्याच्या नसतील अशा अटींवर.' हेच ते संरक्षणाचं कलम.

पण गंमत पुढे आहे. ११ मे १९५७ला, म्हणजे सहा महिनेच झाले होते, केंद्राने राज्यांना एक पत्र पाठवलं. पगार, रजा, पेन्शन अशा गोष्टींना संरक्षण हवं, पण प्रवासभत्ता, शिस्त, वर्तणूक आणि खात्यांतर्गत बढती यांच्या नियमांना तसं संरक्षण देणं योग्य होणार नाही, असा त्याचा आशय. दक्षिण कॅनरातला एक कारकून हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६४ साली न्यायालयाने सांगितलं, की ते पत्र म्हणजेच कायद्याला हवी असलेली आधीची मंजुरी. पुढे १९७४ साली हैदराबाद राज्याच्याच, पण आंध्रात गेलेल्या अभियांत्रिकी खात्यातल्या लोकांच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, की बढतीची संधी कमी होणं म्हणजे सेवेच्या अटी बदलणं नव्हे. बढतीसाठी विचार होण्याचा हक्क ही अट झाली. बढतीची शक्यता ही अट नाही.

कायद्याच्या दृष्टीने या फरकाला अर्थ असेल. पण १९५६ साली तिशीत असलेल्या आणि १९७४ साली अजून निकालाची वाट बघणाऱ्या माणसाला तो काय समजावणार? त्याचा पगार कुणी कापला नाही. त्याची शक्यता गेली. खटल्याची तारीख पडत राहिली आणि निवृत्तीची जवळ येत राहिली.

आता पुन्हा पायलटांकडे येऊ या, कारण त्यांना हेच कळलं होतं. अमेरिकेत १९७२ साली अलेगेनी आणि मोहॉक नावाच्या दोन विमान कंपन्या एक झाल्या. तेव्हा तिथे विमान वाहतुकीवर नजर ठेवणारं सरकारी मंडळ होतं. त्याने विलीनीकरणाला परवानगी देताना अट घातली, की ज्येष्ठता याद्या न्याय्य आणि समान रीतीने जोडा आणि जमलं नाही तर लवादाकडे जा. पुढे सरकारने विमानधंदा खुला केला, १९८५ला ते मंडळ बंद झालं, आणि अट घालणारं कुणी उरलं नाही. मग संघटनांनी तीच अट आपल्या करारात लिहून घ्यायला सुरुवात केली. कंपनी विकली गेली तर घेणाऱ्याला आमचा करार आणि ही अट मान्य असली पाहिजे, असं कलम. विलीनीकरणाची नुसती कुणकुणही नसताना हे लिहून ठेवायचं, कारण कुणकुण लागल्यावर कुणी लिहून देत नाही.

त्याचा पुरावाही आहे. टीडब्ल्यूए ही जुनी, नावाजलेली कंपनी २००१ साली दिवाळ्यात निघाली आणि अमेरिकन एअरलाइन्सने ती घ्यायची तयारी दाखवली. टीडब्ल्यूएच्या पायलटांच्या करारात हे कलम होतं. त्यांना सांगितलं गेलं, की हे सोडा, नाहीतर व्यवहार मोडेल आणि सगळेच बुडाल. त्यांनी सोडलं. मग त्यांच्या सुमारे तेवीसशे पायलटांपैकी बाराशेच्या आसपास लोकांना अमेरिकनच्या यादीच्या शेवटी टाचलं गेलं. तेवढ्यात ११ सप्टेंबर झालं, विमानं रिकामी पडली, शेवटून माणसं कमी करायला सुरुवात झाली. शेवटी कोण होतं हे सांगायला नको. दहा-दहा वर्षं कॅप्टन राहिलेले लोक घरी बसले. आपल्याच संघटनेने आपली बाजू नीट लढवली नाही म्हणून ते कोर्टात गेले, २०११ साली ज्युरीने त्यांचं म्हणणं मान्य केलं, आणि २०१४ साली पाच कोटी तीस लाख डॉलरवर तडजोड झाली. पैसे मिळाले, नंबर गेला तो गेलाच. मधल्या काळात, २००७च्या डिसेंबरमध्ये, टीडब्ल्यूएचं मोठं केंद्र असलेल्या मिसुरी राज्याच्या दोन सिनेटरांनी, मॅककास्किल आणि बाँड यांनी, ती १९७२ची अट थेट कायद्यात घातली. त्यातला एक सिनेटर एका पक्षाचा, दुसरा दुसऱ्या पक्षाचा; एवढी ती गोष्ट मतदारसंघात जाळत होती.

कलम लिहिलं की सगळं सुरळीत होतं असं मात्र मी म्हणणार नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ साली एक झाल्या. लवाद ठरला होता, लवादाने २००७ साली निकालही दिला. त्यात यूएस एअरवेजकडचे सोळा-सतरा वर्षं नोकरी झालेले काही पायलट पलीकडच्या नुकत्याच लागलेल्यांच्या बरोबरीला आले. या बाजूचे लोक संख्येने जास्त होते. त्यांनी मतदान करून आपली जुनी संघटनाच काढून टाकली, नवी आणली आणि निकाल अडवून धरला. एकच कंपनी, एकच रंग, आणि दोन याद्या वर्षानुवर्षं. तेव्हा कलम चांगलं असलं तरी रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्यांना एकमेकांचं तोंड बघावंसं वाटलं पाहिजे, हे कुठल्या कागदात लिहून मिळत नाही.

आपल्या देशात परिस्थिती कशी आहे? औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ चच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, पण या तरतुदीचा गाभा तोच राहिला. धंद्याची मालकी बदलली तर कामगाराला भरपाई द्या. नाहीतर त्याची सेवा अखंड धरा, अटी आधीपेक्षा वाईट करू नका आणि जुनी वर्षं नव्या मालकाने मोजा. चांगलं आहे. पण शेजारच्या कंपनीतून आलेल्या माणसाच्या तुलनेत याचा नंबर कुठे, याबद्दल त्यात अक्षर नाही. आणि पायलट 'कामगार' आहे की नाही यावरच इतकी वर्षं वाद. २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो कामगार आहे असं मान्य केलं. खासगी विमान कंपन्यांत तर संघटनेचाच पत्ता नसतो. २००९ साली जेट एअरवेजमध्ये संघटना बांधणाऱ्या दोन पायलटांना काढून टाकलं, त्यावर शेकडो पायलट पाच दिवस आजारी रजेवर गेले, तेव्हा कुठे ते परत आले. बहुतेक ठिकाणी प्रत्येकाचा एकेकट्याचा करार. एकेकट्याच्या करारात दोन यादींबद्दल काय लिहिणार?

२०२१ साली सरकारने एअर इंडिया टाटांना विकली तेव्हा विक्रीच्या अटींत नोकरी-संरक्षण होतं: एक वर्ष कुणालाही काढायचं नाही, दुसऱ्या वर्षापासून काढायचं तर स्वेच्छानिवृत्ती देऊन. तेव्हा कंपनीत १२,०८५ माणसं होती. ८,०८४ कायम आणि ४,००१ कंत्राटी. एक वर्ष! आपल्याकडे लग्नाचा हुंडाबंदीचा अर्जही याहून जास्त टिकतो. २७ जानेवारी २०२२ला ताबा गेला. एप्रिल २०२३मध्ये नवी वेतनरचना आली तेव्हा गिल्ड आणि असोसिएशन या दोन्ही संघटनांनी मिळून विरोध केला. २०१२ला एकमेकींचा गळा धरलेल्या त्या दोन संघटना अकरा वर्षांनी एका बाजूला उभ्या राहिल्या. तोवर त्यांना मान्यता द्यायची की नाही हे ठरवणारा मालक बदलला होता.

मग विस्तारा. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्सची ही कंपनी जानेवारी २०१५ पासून उडत होती. ती एअर इंडियात विलीन करायचं ठरलं. विलीनीकरणाआधीच विस्ताराच्या पायलटांना नवे करार देण्यात आले: आधी महिन्याला सत्तर तासांचा ठरावीक पगार मिळायचा, आता चाळीस तासांचा, त्यापुढे उडाल तसं. मार्च-एप्रिल २०२४मध्ये इतके पायलट एकदम आजारी पडले की रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली. ६ जून २०२४ला कंपनी लवादाच्या चंदीगड खंडपीठाने मंजुरी दिली, आणि १२ नोव्हेंबर २०२४ पासून विस्तारा हे नाव गेलं. निवृत्तीचं वय एका कंपनीत साठ, दुसरीत अठ्ठावन्न. एकाच कॉकपिटमध्ये शेजारी बसलेल्या दोघांची घड्याळं वेगळी. ऑगस्ट २०२५मध्ये कंपनीने पायलटांचं निवृत्तीचं वय पासष्ट केलं. मालकाने मनावर घेतलं तर हे असं होऊ शकतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मनावर घेणं आणि लिहून देणं यांतलं अंतर आपण १९५७च्या पत्रात पाहिलं.

आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं. द्राक्षमळ्याचा दाखला इथे प्रत्येकाने प्रार्थनासभेत ऐकलेला आहे, जो ख्रिस्ती नाही त्यानेही. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, पुन्हा दुपारी लावतो, पुन्हा संध्याकाळी तासभर उरला असताना लावतो, आणि सगळ्यांना एकसारखी मजुरी देतो. उन्हात राबलेले कुरकुरतात. माझ्या एका मित्राने पायलटांच्या विरोधात हाच दाखला दिला: "ज्येष्ठतेचा एवढा गर्व कशाला? उशिरा आलेल्यालाही पोट आहे."

मला दाखला मान्य आहे, पण तो नीट ऐकला तर दुसरी बाजू दिसते. एक, पहाटेच्या मजुरांशी जे ठरलं होतं ते त्यांना पूर्ण मिळालं. धन्याने करार मोडला नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. धन्याने संध्याकाळच्या मजुराला जे जास्तीचं दिलं ते स्वतःच्या खिशातून. पहाटेच्या मजुराच्या पदरातलं काढून नाही. विलीनीकरणात बरोबर उलटं होतं. यादीत एकाला वर सरकवायचं तर दुसऱ्यालाच खाली सरकवावं लागतं, आणि मालकाला त्यासाठी एक रुपया मोजावा लागत नाही. मजूर आपसांत भांडतात, धनी ओट्यावर बसून बघतो. औदार्य दाखवायचंच असेल तर त्याचा खर्च विलीनीकरणाचा फायदा घेणाऱ्याने उचलावा: ज्याचा कॅप्टन होण्याचा मार्ग लांबला त्याला त्या काळातला पगारातला फरक द्यावा, म्हणजे मग दाखला लागू पडेल.

मागच्या बाकावरच्या मित्राला माझं सांगणं आहे. तू म्हणालास, आपला काय संबंध. तुझ्या-माझ्या तालुक्यातल्या ग्रामीण बँकेकडे बघ. कलबुर्गीला मुख्य कचेरी असलेली कृष्णा ग्रामीण बँक २०१३ साली बळ्ळारीच्या बँकेत मिसळून प्रगती कृष्णा झाली. १ एप्रिल २०१९ला ती कावेरी ग्रामीण बँकेबरोबर कर्नाटक ग्रामीण बँक झाली. १ मे २०२५ला धारवाडची विकास ग्रामीण बँकही मिळून राज्यात एकच ग्रामीण बँक उरली. २०१० साली कृष्णा ग्रामीणमध्ये लागलेल्या माणसाने खुर्ची न सोडता तीन बँका बदलल्या. दरवेळी सेवा त्याच पगारावर आणि त्याच अटींवर चालू राहील, असं लिहिलेलं होतं. दरवेळी त्याच्या पुढे-मागे नवी माणसं येऊन उभी राहिली. ज्या स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये आपल्या आज्ज्यांची पेन्शन यायची, ती १९४१ची बँक १ एप्रिल २०१७ला स्टेट बँकेत गेली. पाटी बदलली, रंग बदलला. काउंटरमागच्या माणसाला तेव्हा त्याच्या नंबराबद्दल विचारावं, असं आपल्यापैकी कुणालाच सुचलं नाही. आपल्याला पासबुक कधी मिळणार याचीच घाई.

आणि विमानाचंही दूर कशाला जा? ७ फेब्रुवारी २०२० ला बीदरहून बेंगळुरूला ट्रुजेटचं पहिलं विमान गेलं तेव्हा बघायला किती गर्दी होती! दोन वर्षांत ती कंपनी थांबली. बेंगळुरूची एअर डेक्कन किंगफिशरने घेतली, ऑक्टोबर २०१२ला किंगफिशर जमिनीवर आली, पगार महिनोन् महिने थकलेले. अशा वेळी ज्येष्ठता यादी घेऊन जायचं कुठे, याला कुठल्याच कलमात उत्तर नाही. तरीही जिथे कंपनी जिवंत राहते तिथे कागदाने फरक पडतो, एवढं टीडब्ल्यूएवाल्यांनी स्वतःचं नुकसान करून दाखवलंय.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पुढे कला शाखेला आलेली आहे, तेव्हा व्यावसायिक पायलटच्या परवान्याची वाट तिला अजून मोकळी आहे. ती खरंच गेली तर पहिल्या करारावर सही करताना तिला पगाराचा आकडा मोठ्या अक्षरात दिसेल. तिने पानं उलटून बघावं, की कंपनी विकली किंवा मिसळली तर याद्या कोण जोडणार, कोणत्या रीतीने, आणि पटलं नाही तर निवाडा कुणाकडे. बहुधा त्याबद्दल ओळही नसेल. उलट एक गोष्ट मात्र पक्की लिहिलेली सापडेल. २०१७ पासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे, की कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते आणि को-पायलटला सहा महिने. कंपनी स्वतःच दुसऱ्या कंपनीत निघून जाणार असेल तर तिने पायलटला किती महिने आधी सांगायचं, हे मी त्या नियमात शोधत होतो.